बिल्डर संघटनेचा वार्षिक अहवाल : सोहळे, समाजकार्य आणि मंत्रालयाच्या फेऱ्या

रानजाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या कार्यालयात नोकरी करते. (नाव विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे.) आमचे सभासद घरंही बांधतात, पण खरा जोर दुकानांचे गाळे, ऑफिसं आणि एमआयडीसीच्या आजूबाजूची गोदामं यांवर.

यंदा वार्षिक अहवाल माझ्या गळ्यात पडलाय. ठरलेले तीन भाग: उपक्रम, सामाजिक बांधिलकी, शासनस्तरावरील पाठपुरावा. जुने अहवाल काढून बघितले. उपक्रमांना भरमसाट पानं. पदग्रहण सोहळा, मालमत्ता प्रदर्शन, टाइल्सवाल्यांनी प्रायोजित केलेलं चर्चासत्र (म्हणजे जेवण, आणि जेवणाआधी कोणीतरी बोलतं), क्रिकेटचे सामने, सहकुटुंब दिवाळी स्नेहमेळावा. सगळ्या फोटोंत तेच सात-आठ चेहरे, जॅकेटचे रंग तेवढे वेगळे. मग रक्तदान, वृक्षारोपण, शाळेला संगणक. आणि शेवटी दीड पान पाठपुरावा: 'मा. मंत्रीमहोदयांना निवेदन सादर केले', 'मा. आयुक्तांसमवेत सकारात्मक चर्चा झाली'.

गंमत अशी की आमच्या ऑफिसात वर्षभर जे काम चालतं ते त्या दीड पानातलंच. नियमावलीत बदलाची सूचना राजपत्रात आली की हरकती द्यायला महिनाभराची मुदत असते. तेव्हा इथे आर्किटेक्ट, वकील, दोन-तीन जुने सभासद रात्री उशिरापर्यंत बसून एकेका कलमावर भांडतात. यातलं अहवालात काही येत नाही.

तर प्रश्न असा: तुम्हा बाहेरच्या लोकांना अशा अहवालात काय वाचायला आवडेल? आणि हा तिसरा भाग सगळीकडेच एवढा तोकडा का असतो?

टिकोजीराव

बाहेरच्या माणसाला एकच वाचायचं असतं. ताबा कधी?

नीलाक्षी

टिकोजीराव 😀

रानजाई, विषय चांगला आहे. वाचतेय.

अभ्यासू_कट्टा

उपक्रमांवरून आठवलं. बिल्डरांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं, म्हणजे क्रेडाईचं, 'नॅटकॉन' नावाचं अधिवेशन असतं. २०१९ साली ते तेल अवीवला झालं, २०२३ साली इजिप्तमध्ये शर्म अल शेखला, २०२४ साली सिडनीला. भारतातल्या जागांचे भाव, भारतातल्या परवानग्या, भारतातले कर, आणि चर्चा तांबड्या समुद्राच्या काठी. तुमच्या अहवालाला पानं कमी पडत नसणार.

रानजाई

अहो, आम्ही जिल्ह्यातले. आमची धाव महाबळेश्वरपर्यंत.

पण थोडी बाजू घेते. सोहळ्यांना लोक हसतात, मीही हसते. तरी आमच्या संघटनेचा खर्च वर्गणीतून भागत नाही, तो प्रदर्शनातल्या स्टॉलच्या भाड्यावर आणि प्रायोजकांवर चालतो. प्रदर्शन पडलं तर त्या वर्षी वकिलाची फी द्यायलासुद्धा पैसे नसतात. शिवाय ज्या सभासदाला कलमं-बिलमं काही कळत नाही तो क्रिकेटच्या निमित्ताने येतो, आणि मैदानावरच सांगतो की अमुक टेबलावर फाइल अडकलीय. निवेदनाचा मुद्दा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मुक्काम_एडिसन

मी न्यू जर्सीत राहतो आणि मॅनहॅटनमधल्या एका ऑफिस इमारतीच्या देखभालीत काम करतो. कंपनी वर्गणी भरते म्हणून अशा संघटनांच्या बैठकांना जाणं होतं. इकडचा प्रकार सांगतो, अहवालाला उपयोग होईल.

इकडे या संघटना बऱ्याच जुन्या आहेत. न्यूयॉर्कच्या जागामालक, बिल्डर आणि दलालांची 'रेब्नी' १८९६ची. 'बोमा' ही इमारतींच्या मालक-व्यवस्थापकांची संघटना १९०७ची. ऑफिसची जागा कशी मोजायची याचं प्रमाण तिने १९१५ साली काढलं आणि ते सुधारत सुधारत आजही वापरात आहे. (कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अपच्या वादात केस पांढरे झालेल्यांनी हे वाचून सुस्कारा टाकावा.) 'नेऑप' १९६७ची, सुरुवातीला औद्योगिक आणि ऑफिस पार्कवाल्यांची, आता सगळ्याच व्यापारी मालमत्तेच्या विकासकांची.

सोहळे इकडेही आहेत. रेब्नीच्या वार्षिक मेजवानीला शहरात गमतीने 'लायर्स बॉल' (थापाड्यांचा मेळावा) म्हणतात, आणि म्हणणारे बहुतेक त्याच मेजवानीला जाणारे असतात! धर्मादाय कामासाठी गोल्फचे सामने. त्यासाठी सहसा वेगळी संस्था काढलेली असते, कारण व्यापारी संघटना आणि दानधर्माची संस्था यांना करखात्याची कलमं वेगळी आहेत.

मला फरक दिसला तो तिसऱ्या भागात. लॉबिंग हा इथे उघड धंदा आहे. १९९५च्या कायद्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी कागद भरावा लागतो: कोणत्या विधेयकासाठी, कोणाला लावून, किती खर्च केला. तो कागद कोणीही वाचू शकतो. उमेदवारांना पैसे द्यायचे तर वेगळी समिती, त्यात कंपनीचा पैसा चालत नाही, सभासदाने स्वतःच्या खिशातून द्यायचा आणि तोही वर्षाला ५,००० डॉलरच्या आत. वर्गणीच्या बिलावर छापलेलं असतं की यातला इतका भाग लॉबिंगचा, त्यावर करसवलत मागू नका.

म्हणून सगळं स्वच्छ आहे असं नव्हे. पैसा इथेही बोलतोच. पण त्याने काय बोलणं केलं ते नंतर वाचता येतं.

अभ्यासू_कट्टा

आपल्याकडे लॉबिंगला कायदाच नाही, त्यामुळे ना मनाई ना नोंद. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ साली काढली. मग निनावी निवडणूक रोखे आले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते, आणि मर्यादा काढणारा बदलही, रद्द केला. 'निवेदन दिले' या दोन शब्दांमागे काय काय असतं ते देव जाणे.

रानजाई

आमच्या निवेदनामागे शाल आणि श्रीफळ असतं एवढं मी शपथेवर सांगू शकते.

टिकोजीराव

शालीच्या आत काय असतं?

रानजाई

😐 पुढचा प्रश्न.

नीलाक्षी

मुक्काम_एडिसन, एखादं उदाहरण द्या ना, संघटनेने कायद्यासाठी किंवा कायद्याविरुद्ध काय केलं त्याचं. नुसतं 'लॉबिंग' म्हटलं की डोळ्यांपुढे सूटबूट येतात, काम दिसत नाही.

मुक्काम_एडिसन

माझ्या रोजच्या कामातलंच देतो. २०१९ साली न्यूयॉर्क शहराने 'लोकल लॉ ९७' केला. २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींना कार्बन उत्सर्जनाची मर्यादा. २०२४ पासून लागू, २०३० पासून आणखी कडक. मर्यादेच्या वर गेलात तर दर टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड.

इमारतमालकांच्या संघटनांनी आधी कायद्याला विरोध केला, तो झाल्यावर नियमांसाठी झगडल्या. त्यांचा एक मुद्दा मला तरी पटतो: माझ्या इमारतीतली पुष्कळ वीज भाडेकरू वापरतो. तो वित्तसंस्था असेल तर रात्रभर संगणक चालू, दंड मात्र मालकाला. दुसरा मुद्दा, 'अजून वेळ द्या', तो मला पटत नाही. कायदा २०१९चा, पहिले अहवाल द्यायचे होते २०२५च्या मे महिन्यात. मधल्या काळात ज्यांनी बॉयलर बदलले ते निश्चिंत आहेत, आणि ज्यांनी संघटना काहीतरी करेल म्हणून वाट पाहिली ते आता धावपळ करताहेत. संघटनेवर विसंबण्याचा हा तोटा कोणत्याच अहवालात छापत नाहीत.

आकडेमोड

सीए असल्याने करांचं उदाहरण देतो. 'पाठपुरावा' किती मोठा आणि किती ठिसूळ असतो ते यात दिसतं.

मॉल किंवा ऑफिसची इमारत भाड्याने द्यायला बांधली. बांधताना सिमेंट, पोलाद, कंत्राटदार सगळ्यांवर जीएसटी भरला. पुढे भाड्यावर १८ टक्के जीएसटी सरकारला जातोच. मग आधी भरलेला वजा का करू द्यायचा नाही? कायद्यातल्या कलम १७(५)(ड)ने तो अडवला होता. भुवनेश्वरच्या एका मॉलवाल्यांनी ओरिसा उच्च न्यायालयात २०१९ साली केस जिंकली. हीच 'सफारी रिट्रीट्स'. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ला सांगितलं की भाड्याच्या धंद्यात ती इमारत 'प्लांट'चं, म्हणजे धंदा चालवायच्या साधनाचं, काम करते का हे प्रत्येक प्रकरणात तपासा. करत असेल तर वजावट मिळू शकते. व्यापारी बांधकामवाल्यांत आनंदीआनंद. माझ्याकडे पेढे आले.

डिसेंबरात जीएसटी परिषद बसली आणि 'प्लांट किंवा मशिनरी'चं 'प्लांट आणि मशिनरी' करायची शिफारस झाली. 'प्लांट आणि मशिनरी'ची व्याख्या कायद्यात आधीच आहे आणि तिने इमारती वगळल्या आहेत. २०२५च्या वित्त कायद्याने बदल केला, तोही १ जुलै २०१७पासून, म्हणजे जीएसटी सुरू झाला त्या दिवसापासून लागू. जिंकलेली केस हातची गेली. कोर्टातली वर्षं, वकिलांच्या फिया, सगळं पाण्यात.

उलट सिमेंट बघा. २८ टक्क्यांचा दर कमी करा म्हणून बिल्डरांच्या संघटना दर अर्थसंकल्पाआधी निवेदनं देत होत्या. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला. आता प्रत्येक संघटनेच्या अहवालात 'आमच्या पाठपुराव्याला यश' असं येईल. यश कोणाचं? सरकारने शेकडो वस्तूंचे दर एकत्र बदलले, त्यात सिमेंटही आलं. रानजाई, असली वाक्यं लिहिताना जरा हात आवरा.

रानजाई

😂 ते वाक्य मसुद्यात लिहून झालंय, अध्यक्षांच्या हस्ताक्षरात.

गाळा_नंबर_सात

मी भाड्याच्या गाळ्यात स्टेशनरीचं दुकान चालवतो. बिल्डरच्या कराचं ऐकलं, आता माझं ऐका. माझा गाळामालक निवृत्त मास्तर, त्याची जीएसटी नोंदणी नाही. मी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत. १० ऑक्टोबर २०२४पासून नियम आला की नोंदणी नसलेल्याकडून व्यापारी जागा भाड्याने घेतली तर भाड्यावरचे १८ टक्के भाडेकरूने भरायचे. २०,००० भाड्यावर महिन्याला ३,६०० जादा, आणि कंपोझिशनवाल्याला वजावट नाही. १६ जानेवारी २०२५पासून कंपोझिशनवाल्यांना त्यातून सोडलं. मधल्या काळातलं भरलं ते भरलं.

त्या वेळी आमच्या संकुलाच्या बिल्डरकडे गेलो होतो की तुमच्या संघटनेतून काही बोला. तो म्हणाला, हा भाडेकरूंचा प्रश्न आहे, आमचा नाही. गाळे आमच्याच भाड्यावर विकले जातात हे मात्र विसरला. गुंतवणूकदाराला 'इतका परतावा' सांगताना भाडेकरू आठवतो.

मुक्काम_एडिसन

हे इकडेही तसंच. संघटना मालकांची. भाडेकरूचा खर्च कमी व्हावा असं तिला तेव्हाच वाटतं जेव्हा जागा रिकाम्या पडतात.

वकीलीण

थोडी कायद्याची भर.

एक, संघटनेची वर्गणी ही निव्वळ हौस राहिलेली नाही. महारेराकडे (रेरा कायद्याखालचं राज्याचं नियामक प्राधिकरण) प्रकल्प नोंदवायचा तर बिल्डरला मान्यताप्राप्त स्वनियामक संस्थेचं, म्हणजे अशाच एखाद्या संघटनेचं, सदस्यत्व दाखवावं लागतं. म्हणजे सरकारने संघटनांना अर्धवट सरकारी काम दिलंय. मग 'सभासदावर काय कारवाई केली' हा चौथा भाग अहवालात हवा. कोणाला समज दिली, कोणाला काढलं, निदान आकडा तरी.

दोन, रेरा फक्त फ्लॅटचा असा समज अजून आहे. २०१६च्या कायद्यातल्या 'अपार्टमेंट'च्या व्याख्येत ऑफिस, दुकान, शोरूम, गोदाम सगळं येतं. विकायला काढलेल्या गाळ्यांना तो लागतो. फक्त भाड्याने देण्यासाठी बांधलं, विकायचंच नाही, तर गोष्ट वेगळी.

तीन, मला या संघटनांचं जे एक काम मनापासून आवडतं त्याचा फोटो कधी छापून येत नाही. कलम ३२(ग)मध्ये ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटना यांनी मिळून सलोख्याने तंटे मिटवावेत अशी तरतूद आहे. महारेराने २०१८ साली सलोखा मंच काढला. एका बाजूला मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला बिल्डर संघटनेचा, समोर दोन्ही पक्ष. मी अशा बैठकींना अशिलांबरोबर बसले आहे. बिल्डरला त्याच्याच धंद्यातला वडीलधारा माणूस 'अरे, हे पैसे दे आणि मोकळा हो' म्हणतो तेव्हा जो परिणाम होतो तो माझ्या युक्तिवादाने होत नाही.

टिकोजीराव

हे माहीत नव्हतं. आमच्या ताब्याचं तिथेच बघतो. (हा विनोद नाही.)

नाक्यावरचा

मी बांधकाम मजुरांसोबत काम करतो. दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे 'सामाजिक बांधिलकी'बद्दल बोलतो. कडू लागेल, पण विचारलंय म्हणून.

रक्तदान करा, झाडं लावा, कोणाची ना नाही. पण साइटवर पाळणाघर चालवलं म्हणून अहवालात फोटो टाकता तेव्हा राग येतो. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०हून जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणं सक्तीचं केलं. दिल्लीत 'मोबाइल क्रेशेस'ने १९६९ सालीच बांधकामावर पाळणाघर सुरू केलं होतं, तेव्हा ती समाजसेवा होती. कायदा झाल्यावर ते कर्तव्य झालं. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकराचंही तसंच. तो भरणं हे दान नव्हे.

२०१९च्या जूनमध्ये पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं. त्यानंतर ठिकठिकाणी सुरक्षा सप्ताह झाले, हेल्मेटं वाटली. खोल्या भिंतीपासून किती लांब घालायच्या यावर कोण बोललं? हेल्मेट घालून कोणी झोपत नाही.

आता मागणं. मजुराला सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंद असेल तर मुलांना शिष्यवृत्ती, आजारपणात मदत, मृत्यू झाला तर वारसाला पैसे. कोरोनात एप्रिल २०२०मध्ये राज्य सरकारने २,००० रुपये थेट खात्यात टाकले, तेही नोंद असलेल्यांनाच. आणि दाखला देताना कंत्राटदार टाळाटाळ करतो, बिल्डर म्हणतो कंत्राटदाराकडे जा. तुमच्या संघटनेने एवढंच करावं: सभासदाच्या प्रत्येक साइटवर दाखल्याचे कोरे फॉर्म, आणि सही करायची जबाबदारी एका माणसावर. खर्च शून्य. वृक्षारोपणाच्या मांडवापेक्षा नक्की कमी.

नीलाक्षी

नाक्यावरचा, +१. यावर बोलायला काही उरलं नाही.

आकडेमोड

उरलंय थोडं. सही का टाळतात ते सांगतो. दाखला दिला की 'हा आमच्याकडे कामाला होता' हे लेखी झालं. मग भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कामगार विमा), किमान वेतन, सगळे प्रश्न त्या कागदावरून विचारता येतात. मीच अशिलांना सांगतो की सही करण्याआधी रजिस्टरं नीट करा. बहुतेक जण रजिस्टरं नीट करण्याऐवजी सही टाळतात. खर्च शून्य नाही म्हणून तर दाखला मिळत नाही.

नाक्यावरचा

आकडेमोड, बरोबर. पण मग अहवालात 'कामगार आमच्या कुटुंबातले' असं लिहू नका. एवढंच.

वास्तुपुरुष

मी आर्किटेक्ट, अशा हरकतींच्या बैठकांना बसलेला. धागा एकाच बाजूला कलतोय म्हणून लिहितो.

२०२०च्या डिसेंबरात मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकच नियमावली आली, यूडीसीपीआर. त्याआधी प्रत्येक शहराचं पुस्तक वेगळं. जिन्याची रुंदी एका गावात चालायची ती पुढच्या गावात नापास. नव्या नियमावलीत पूरक एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येतं त्यावरची भर) निवासीला ६० टक्क्यांपर्यंत आणि बिगरनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत. ऑफिस इमारतीत मोठ्या लिफ्ट, डक्ट, रुंद जिने, यंत्रांच्या खोल्या यांत जागा जाते, त्यामुळे हा फरक हवाच होता. असली माहिती खात्याला रोज नकाशा काढणारा माणूसच देऊ शकतो. संघटनांनी बोलूच नये असं म्हणाल तर नियम जिन्याशिवायच होतील.

लबाडीही तिथेच शिरते, हे खरं. त्याच बैठकीत एक कलम सगळ्यांच्या सोयीचं असतं आणि पुढचं एकाच्याच भूखंडाच्या मापाचं. दोन्ही एकाच निवेदनात, एकाच लेटरहेडवर.

सवलत मागताना बदल्यात काही द्यावं लागलं असं एक उदाहरण आहे. दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून जानेवारी २०२१मध्ये राज्याने बांधकामाची अधिमूल्यं (जादा बांधकामासाठी बिल्डरने सरकारला भरायचे पैसे) वर्षअखेरपर्यंत निम्मी केली, पण अट घातली: जो बिल्डर सवलत घेईल त्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. त्यावर टीका झाली आणि काही टीका योग्यही होती. तरी मुदत आणि परतफेड असलेली सवलत मला बिनशर्त सवलतीपेक्षा बरी वाटते.

अवांतर: व्यापारी इमारतीवाल्यांनो, क्रिकेटऐवजी एक दिवस आगीच्या कवायतीला द्या. राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म ब' प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते किती ठिकाणी पंपाला हात न लावता मिळतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. डिसेंबर २०१७ला कमला मिल आवारात १४ जण गेले ते व्यापारी जागेतच.

रानजाई

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल सचिवांशी बोलले. (धागा दाखवला नाही, मुद्दे माझे म्हणून सांगितले. रागावू नका.) झालं ते असं: शासनाला पाठवलेल्या हरकतींची पत्रं परिशिष्टात पूर्ण छापायला ते तयार झाले, खात्याचं उत्तर आलं असेल तर तेही. वास्तुपुरुष, तुमची 'एकाच्याच भूखंडाची' कलमं त्यात कोणाच्या लक्षात येतील की नाही याची खात्री नाही, पण न छापता लपली होती तशी राहणार नाहीत. 'पाठपुराव्याला यश' राहिलंच, अध्यक्ष ऐकेनात. प्रायोजकांनी दिलेले पैसे आकड्यांत छापायला साफ नकार. कारवाई झालेल्या सभासदांचा आकडा छापायलाही नकार, कारण आकडा शून्य आहे असं म्हणाले.

पाळणाघराचे फोटो 'सामाजिक बांधिलकी'तून काढून 'कायदेशीर पूर्तता' असं उपशीर्षक दिलंय. कोणी वाचेल असं वाटत नाही, तरी केलं. ९० दिवसांच्या दाखल्याचा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घेणार आहेत. नाक्यावरचा, तुमच्याकडे भरलेल्या फॉर्मचा नमुना असेल तर व्यनि करा. कोरा नको, भरलेला हवा. सभासद 'यात नेमकं काय लिहायचं' असं विचारून वेळ काढतात.

नाक्यावरचा

मजुराचं नाव झाकून पाठवतो. मराठी आणि हिंदी दोन्ही.

गाळा_नंबर_सात

आम्हा भाडेकरूंना तुमच्या संघटनेत सहयोगी सभासद करून घेता का?

रानजाई

घटनेत तशी तरतूद नाही. आहेत ते सहयोगी सभासद म्हणजे सिमेंट, लिफ्ट आणि बँकवाले.

वकीलीण

गाळा_नंबर_सात, त्यांच्यात जायची गरजही नाही. नियमावलीतल्या बदलावर हरकत कोणीही देऊ शकतं, त्याला लेटरहेड लागत नाही. राजपत्रातल्या सूचनेत शेवटी मुदत आणि कोणाच्या कार्यालयात द्यायची ते छापलेलं असतं, बहुधा नगररचना सहसंचालकांचं. साध्या कागदावर कलमाचा क्रमांक, तुमचं म्हणणं, नाव, पत्ता, सही. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. जीएसटीचा प्रश्न वेगळा, तो दिल्लीचा. त्यासाठी तुमच्या व्यापारी संघाला लिहायला लावा.